वानुय की वान्युय

पाचव्या दिवशी सकाळी, मेलेल्याची खूण दिसावी म्हणून उंबऱ्याजवळ पसरलेल्या राखेत पाऊल उमटलेलं होतं, याबद्दल वाद नव्हता. ते कोंबडीचं होतं, याबद्दलही वाद व्हायचं खरं तर कारण नव्हतं.

"आत्मा जाताना कुठलंही रूप घेतो," एर्मेलिंदा म्हणाली. थोरली सून असल्यामुळे आत्म्यांविषयी पहिलं बोलायचा मान तिचा होता.

"तायता? आणि कोंबडीच्या रूपात?" तेओफिलो राखेपाशी उकिडवा बसला होता. नुकत्याच वारलेल्या अपोलिनारचा, म्हणजे त्यांच्या तायताचा, बापाचा, हा मधला मुलगा. त्याच्या मालकीच्या ओझं वाहणाऱ्या अकरा लामा होत्या आणि मत एकही नव्हतं. "सत्तर वर्षं कोंबड्यांना दगड मारले त्यांनी, वहिनी. देवाला गंमत करायची असेल तर गोष्ट वेगळी."

"पाऊल कुठल्या दिशेला गेलंय ते बघा आधी."

सगळ्यांनी पाहिलं. पाऊल मेंढवाड्याकडे गेलं होतं. लेंडीखतात किडे असतात आणि कोंबडीला ते ठाऊक असतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कोणी बोललं नाही. कारण त्या मेंढवाड्यात सात वर्षांचं खत छातीइतकं साचलेलं होतं, आणि अपोलिनारला पुरल्यापासून घरात सगळे बोलत होते ते मेणबत्त्यांविषयी, पाद्रीविषयी, हवेविषयी. खताविषयी सोडून सगळ्याविषयी.

म्हातारी सातुर्निना बाहेर आली. तिनं राखेकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, आणि नवऱ्याच्या कपड्यांचं बोचकं पाठीवर घेतलं.

"चला," ती म्हणाली. "पाणी अजून गार आहे तोवर धुऊन घेऊ. गरम पाण्याची त्याला सवय नव्हती."

*

मेलेल्याचे कपडे नदीवर धुतले की तो मोकळा होतो. तोपर्यंत तो घरातच असतो, असं आमच्याकडे धरून चालतात, आणि म्हणून पाच दिवस लोक जरा जपून भांडतात. नदीवरून परतलं की मग काही बंधन नसतं.

कासिमीरा गुडघाभर पाण्यात उभी राहून बापाचा सदरा दगडावर चोळत होती. धाकटी, एकुलती लेक. अकरा वर्षं शहरात दुसऱ्यांचे कपडे धुऊन ती गेल्या वर्षी गावात परतली होती, तेव्हा हे काम तिच्या हाताला लागलेलं होतं. डोक्यात मात्र एकच हिशेब चालू होता, आणि तो टोपल्यांचा होता. चाकीपाम्पाच्या पट्ट्याला निदान दोनशे टोपल्या खत लागेल. दोनशे नाही तर दीडशे. दीडशेच्या खाली गेलं तर बी टाकणं म्हणजे बी फेकणं.

गावाची वरची जमीन आठ भागांत आहे. दर वर्षी एक भाग उघडायचा, बाकीचे निजू द्यायचे. यंदा पाळी चाकीपाम्पाची. गावसभेनं बापाचा पट्टा तिच्या नावावर केला, पण अट घालून: यंदा पीक उभं राहिलं तर पट्टा तिचा आणि ती गावची. नाही राहिलं तर पट्टा गावाचा. आणि पट्टा नसलेली बाई गावात पाहुणी असते, मग ती तिथेच जन्मलेली का असेना. सभेत हात वर करणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं की त्या पट्ट्यात गवतसुद्धा विचार करून उगवतं.

तसं ते का उगवतं, हेही माहीत होतं. ते कारण जरा वरच्या अंगाला, कोरड्या दगडावर उभं राहून बापाची विजार पिळत होतं. निकानोर. थोरला.

निकानोरनं अकरा वर्षांपूर्वी सभेशी भांडून तो पट्टा निजू दिला नव्हता. रासायनिक खताची पांढरी पोती आणली, लागोपाठ चार वर्षं बटाटाच लावला. पहिल्या वर्षी बटाटे एवढाले आले की पाद्रीनं एक वेदीवर ठेवला. चौथ्या वर्षी गोट्या आल्या. जमीन वाळलेल्या कातड्यासारखी झाली. पायानं दाबून खणायचा नांगर मारला की वाजायची. मग निकानोर खाली रस्त्याकडच्या शेतात राहायला गेला, पोतीही बरोबर घेऊन गेला, आणि आता ती शेतंही हळूहळू वाजायला लागली होती. हे त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. एर्मेलिंदालाही नाही, पण ती त्याच शेतात खणायची, त्यामुळे न सांगण्याचा फारसा उपयोग नव्हता.

"वरचं खत खाली आणायला किती फेऱ्या होतील?" त्यानं तेओफिलोला हळूच विचारलं.

"लामांना विचारून सांगतो."

"तू हो म्हणाला होतास."

"तुला हो म्हणालो होतो. मग कासीनं विचारलं, तिलाही हो म्हणालो. तुम्ही दोघं वेगवेगळे भेटता, त्याला मी काय करू?"

"मी तुझ्या घराला पत्रे दिले."

"दिलेस ना. म्हणून तर आधी तुला हो म्हणालो."

*

कपडे गवतावर वाळत पसरले तेव्हा डॉन एपिफानियो आले. ते गावचे न्यायाधीश. न्याय करायचा प्रसंग क्वचित, टाइप करायचा नेहमी. त्यांच्या टाइपरायटरचं एक बटण वीस वर्षांपूर्वी तुटलं होतं: डोक्यावर लाट असलेल्या 'न'चं, ज्याला 'न्य' म्हणतात. लाट नसलेला 'न' ठणठणीत होता. त्यामुळे सरकारी भाषेत, स्पॅनिशमध्ये, 'आन्यो' म्हणजे वर्ष हा शब्द त्यांच्याकडून 'आनो' असा बाहेर पडायचा, आणि 'आनो' हा देहाचा असा भाग आहे की जो चारचौघांत दाखवत नाहीत. आमच्या गावात प्रत्येकाच्या दाखल्यावर त्या गोष्टी वयाप्रमाणे नोंदलेल्या आहेत. अपोलिनारकडे अठ्ठ्याहत्तर होत्या. तालुक्याच्या कचेरीत आमचे कागद आले की खुर्च्या जवळ ओढतात, असं ऐकतो.

"पाच दिवस झाल्यावर वाचा, असं सांगून गेलाय," डॉन एपिफानियोंनी टोपी काढली. "दोन महिन्यांपूर्वी मला बोलावलं होतं त्यानं. तुम्ही मेंढ्यांकडे गेला होतात, डोन्या सातुर्निना."

"मी नसतानाच बोलायचा तो," म्हातारी म्हणाली. "वाचा."

कागद तीन ओळींचा होता. आमच्या भाषेतच, म्हणजे केचुआत. मेंढ्या म्हातारीच्या. घर म्हातारीचं. आणि तिसरी ओळ: *वानुय चाकीपाम्पाच्या पट्ट्यासाठी.*

कासिमीरानं हातातला साबण दगडावर ठेवला.

"वानुय," ती म्हणाली. "माझं खत. माझं खत चाकीपाम्पासाठी. झालं तर."

"थांब," निकानोर पुढे आला. "डॉन एपिफानियो, हे तुमच्या मशीनवर टाइप केलंय?"

"दुसरं कुठून आणू?"

"मग हा 'न' नसेल. वानुय नाही, वान्युय. लाट नाही उमटली." तो बहिणीकडे वळला. "वान्युय. मरण. तायतांना मरण तिथं हवं होतं. तिथं पुरा, म्हणत होते ते."

"दादा, लाज बाळग जरा."

"लाज कसली? जन्मात कधी त्यांनी खताला 'माझं' म्हटलं? 'मेंढ्यांचं' म्हणायचे. आठव."

कासिमीरानं आठवलं, आणि तिचा चेहरा उतरला, कारण ते खरं होतं. अपोलिनार खताला मेंढ्यांचं म्हणायचा, पावसाला डोंगराचं, आणि पिकाला 'जे आलं ते'. माझं म्हणायला त्याच्याकडे एक गुडघेदुखी होती.

"डॉन एपिफानियो, तुम्ही कानांनी ऐकलंत ना?" ती जवळजवळ ओरडली. "काय म्हणाले ते? लाट होती की नव्हती?"

न्यायाधीशांनी टोपी हातात फिरवली. इतकी वर्षं त्यांनी या प्रश्नाची वाट पाहिली नव्हती, पण तो येणार हे त्यांना कळायला हवं होतं.

"पोरी, तुला खरं सांगतो. त्याला दात नव्हते, मला लाट नव्हती. तो जे म्हणाला ते दोन्हींच्या मधलं होतं. मी विचारणार होतो, पण तो तेवढ्यात झोपला."

तेओफिलोला हसू आलं. त्यानं ते चघळायच्या कोकाच्या पानांबरोबर गालात सरकवलं.

एर्मेलिंदा गवतावरच्या सदऱ्याच्या बाह्या सरळ करत होती. नवरा जिंकतोय असं तिला वाटलं होतं, आणि मग जिंकण्याचा पुढचा भाग तिच्या लक्षात आला.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "तिथं पुरा म्हणाले असतील... तर आपण त्यांना पुरलंय गावच्या दफनभूमीत. मग आता उकरायचं?"

वारा नव्हता. गवतावरचा सदरा तरीही हलल्यासारखा वाटला.

मेलेल्याचा शब्द मोडला की तो जात नाही. वर बर्फावर भटकत राहतो, ना इकडे ना तिकडे, असं आम्ही मानतो, आणि न मानणारेसुद्धा बर्फाकडे पाठ करून बसतात. निकानोरनंही बर्फाकडे पाठ केली. त्याला फक्त खत हवं होतं. बापाला कायमचं बर्फावर हिंडायला लावायचं त्याच्या मनात नव्हतं. पण शब्द आता तोंडाबाहेर पडला होता आणि न्यायाधीशांसमोर पडला होता.

"माझ्या लामा तर आता हलायच्या नाहीत," तेओफिलो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "ना वर, ना खाली. वहिनी, तुमच्यासाठी नाही आणि कासी, तुझ्यासाठीही नाही. तायतांचा शब्द अडकलाय. अडकलेल्या शब्दावर मी जनावर घालणार नाही."

"पेरणीला बारा दिवस राहिलेत," कासिमीरा म्हणाली. ती कुणाशी बोलत नव्हती. "बारा."

*

सातुर्निना या सगळ्या वेळात नवऱ्याचा पोंचो, डोक्यातून घालायची लोकरी चादर, धूत होती. म्हणजे धुऊन झाला होता. ती नुसताच पाण्यात धरून बसली होती. तपकिरी, काठाला उसवलेला. सगळ्यांना वाटलं ऐकत नाहीये. पन्नास वर्षं एका अबोल माणसाबरोबर काढल्यावर न बोललेलं ऐकायची सवय होते. बोललेलं तर तिला नदीपलीकडचंही ऐकू यायचं.

तिनं थोरल्याकडे पाहिलं. दफनाच्या दिवशी निकानोर पोचला तेव्हा माती लोटून झाली होती. तो शहरात पांढऱ्या पोत्यांच्या रांगेत उभा होता. निरोप गेला तेव्हा त्याचा नंबर दोन माणसांवर आला होता, आणि तो दोन माणसं थांबला. पेटी तेओफिलोनं आणि शेजाऱ्यांनी उचलली. थोरल्याचा खांदा लागला नाही. हे कुणी त्याला बोललं नाही, आणि त्यामुळे तो पाच दिवस प्रत्येकाशी भांडत होता.

"निकानोर," ती म्हणाली, "तू म्हणतोस मरण."

"ममा, मी... कागदात तसंही वाचता येतं, एवढंच म्हणालो."

"कासी म्हणते खत."

"खतच आहे, ममा."

"दोघंही खरं बोलताय असं धरू. त्याला दात असते तरी त्यानं तसंच पुटपुटलं असतं. मला लग्नाचं विचारलं तेव्हाही 'येतेस का' विचारतोय की 'जाऊ का' विचारतोय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं." तिनं पोंचो पाण्यातून उचलून पिळला. "हा गरिबाला द्यायचा होता. नाही देणार. यात मेंढवाड्यातलं पहिलं खत बांधू आणि चाकीपाम्पात नेऊन पोंचोसकट पुरू. खत म्हणाला असेल तर खत पोचलं. मरण म्हणाला असेल तर त्याच्या अंगावरचं तिथं गेलं. त्याला उकरायला नको. जन्मभर चालून तो दमलाय."

डॉन एपिफानियोंनी टोपी डोक्यावर घातली. असा निकाल आपल्याला सुचला नाही याचं त्यांना दुःख झालं, आणि टाइप करावा लागणार नाही याचं समाधानही.

"मी बांधते, ममा," कासिमीरा पुढे झाली. "मी नेते. आत्ता."

"तू नाही." म्हातारीनं ओला पोंचो निकानोरच्या हातात दिला. "मरण तू म्हणालास. मेलेल्याला कोण उचलतं?"

निकानोर पोंचोकडे बघत राहिला. त्यातून पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं.

"थोरला," तो म्हणाला.

*

मेंढवाड्यावर गवताचं आच्छादन होतं. दर वर्षी म्हातारा ते बाजूला करायचा, चुलीतली राख पसरायचा, पाण्याचे चार शिपकारे मारायचा, खालचं वर करायचा आणि पुन्हा झाकून टाकायचा. निकानोरनं हे लांबून पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

कडेला भिंतीला टेकून काठी उभी होती. दांडा गुळगुळीत झालेला. निकानोरनं ती उचलली.

"घुसव," मागून सातुर्निना म्हणाली. तिच्या परकरात सकाळची राख होती. उंबऱ्यावरची, कोंबडीच्या पावलासकट गोळा केलेली. "त्याच्यासारखी. खोल. बाहेर काढून गालाला लाव. ऊन लागली तर कच्चं. बीच्या मुळांना पोळतं. गार लागली तर पिकलं."

निकानोरनं काठी कोपरापर्यंत घुसवली. जमीन वाजली नाही. लोण्यात गेल्यासारखी ती गेली.

"किती वर्षं?" त्यानं विचारलं. "कधीपासून साठवत होते हे?"

"तुला माहीत आहे कधीपासून."

"मला बोलले नाहीत कधी. पट्ट्याचं वाटोळं केलं, तरी एक शब्द नाही. नुसते बघायचे. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ममा. कोंबड्यांना द्यायचे तशा."

"कोंबड्यांना बोलायला सोपं असतं," सातुर्निना म्हणाली. "तू खाली गेलास त्या पावसाळ्यात त्यानं हे झाकलं. मी म्हटलं, पोराला जाऊन काहीतरी बोल. म्हणाला, बोलून जमीन कुठे सुधारते. मग दर वर्षी एक थर. मला वाटायचं याला खताचं वेड लागलंय. सात थर आहेत, मोज हवं तर. तुला जे बोलायचं होतं ते आहे हे."

निकानोरनं मोजलं नाही. त्यानं काठी बाहेर काढली. टोकाला काळी, ओलसर माती लागली होती. तिला मेंढीचा वास राहिला नव्हता, पाऊस थांबल्यावरच्या रानाचा येत होता. त्यानं ती गालाला लावली.

गार होती.

पेटीचं झाकण लागायच्या आधी थोरला मुलगा बापाच्या गालाला गाल लावतो, अशी आमच्याकडे रीत आहे. निकानोर तेव्हा दोन माणसं मागे होता. आता तो डोळे मिटून, गालाला काठी लावून इतका वेळ उभा राहिला की एर्मेलिंदानं कुंपणाबाहेरून हाक मारायला तोंड उघडलं आणि काय वाटलं कोण जाणे, तसंच मिटलं. तिनं आपली ओढणी सोडली आणि आत येऊन पोंचो पसरायला लागली.

"पिकलंय," निकानोर म्हणाला. काठी त्यानं परत भिंतीला टेकवली.

म्हातारीनं परकरातली राख वरून ओतली. "हीसुद्धा चालते बटाट्याला," ती म्हणाली.

*

चाकीपाम्पापर्यंतची चढण तासाभराची. निकानोर पुढे, पाठीवर बापाचा पोंचो. ओल्या लोकरीतून काळं पाणी त्याच्या पाठीवरून उतरत होतं. तो थांबला नाही. मधे तेओफिलोनं, "दादा, खांदा बदलू?" असं विचारलं, आणि निकानोरनं मान हलवून नाही म्हटलं. पेटीच्या दिवशी आपल्याला हे विचारायला दादा नव्हता, हे तेओफिलोला आठवलं, आणि तो मागे राहून न्यायाधीशांना हात द्यायला लागला.

कासिमीरानं पट्ट्याच्या मधोमध खड्डा केला. पायाचा नांगर पहिल्या तीन वेळा वाजला. चौथ्यांदा तो निकानोरनं तिच्या हातातून घेतला. तिला वाटलं ओढून घेतोय, आणि तिनं क्षणभर सोडला नाही. मग सोडला.

पोंचो खाली गेला. सातुर्निनानं थोडी मक्याची दारू मातीवर शिंपडली, थोडी स्वतः घेतली. प्रार्थना डॉन एपिफानियोंनी म्हटली. तोंडी म्हणताना त्यांच्या लाटा सगळ्या जागच्या जागी होत्या. माती लोटून झाल्यावर त्यांनी खिशातून कागद आणि पेन काढलं.

"हातानं काढून देतो," ते म्हणाले. "निकाल लागलाच आहे, तर कागदावरही हवा. लाट घालू की नको?"

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. कासिमीरानं पाहिलं नाही. ती नांगरलेलं ढेकूळ बोटांनी फोडत होती, आणि ते फुटत नव्हतं. एका पोंचोभर खतानं एवढा पट्टा जागा होणार नाही, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. बाकीचं खत अजून मेंढवाड्यातच होतं, आणि त्याबद्दल ममा काहीच बोलली नव्हती.

"असू द्या तसंच," निकानोर म्हणाला.

मग तो तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला. दुसरं ढेकूळ उचललं. ते त्यालाही फुटेना.

"तेओफिलो," त्यानं वर न बघता हाक मारली. "उद्या पहाटे लामा घेऊन ये. मेंढवाड्याकडून वर. इकडे."

तेओफिलोनं गालातली पानं या बाजूची त्या बाजूला केली. "आणि तुझं रस्त्याकडचं शेत?"

निकानोरनं एर्मेलिंदाकडे पाहिलं. ती वाकून ढेकळं गोळा करायला लागली होती.

"ते निजू दे," निकानोर म्हणाला.

"किती लामा आणू?"

"सगळ्या."